निवडणूक पद्धती शिकवायला उभे राहताय? आधी मतं मोजायला लावा

नेट-सेट झालं, तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली की राज्यशास्त्राच्या विभागात निवडणूक पद्धतींचं प्रकरण बहुतेकदा नव्या माणसाच्या वाट्याला येतं. मराठवाड्यात बरीच वर्षं हेच शिकवत आलोय, म्हणून एक सांगतो: व्याख्या शेवटी, मतमोजणी आधी.

आपल्याकडच्या पोरांना राजकारण शिकवावं लागत नाही. ग्रामपंचायतीला पॅनल कसं बांधलं, कोणत्या वॉर्डात कुणी कुणाची मतं खाल्ली, हे तीच तुम्हाला सांगतील. मतं तीच राहिली तरी मोजायचा नियम बदलला की निवडून येणारा बदलतो, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं.

ते सहलीचं ठिकाण निवडायला लावून दाखवा. समजा वर्गात चाळीस जण आहेत. वेरूळला १६ मतं, माहूरला १३, औंढा नागनाथला ११. आपल्या लोकसभेच्या पद्धतीनं वेरूळ जिंकलं. आता पसंतीक्रमानं मोजा. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, म्हणून सगळ्यात कमी मतांचं औंढा बाद झालं. त्या ११ पैकी ९ जणांची दुसरी पसंती माहूर, दोघांची वेरूळ. माहूर २२, वेरूळ १८. चिठ्ठ्या पोरांनाच लिहू द्या, मोजू द्या, भांडू द्या. तुम्ही फक्त फळ्यावर आकडे मांडा.

मग २०१९ ची औरंगाबाद लोकसभा घ्या. विजयी उमेदवाराला ३,८९,०४२ मतं, दुसऱ्याला ३,८४,५५०, तिसऱ्याला २,८३,७९८. फरक ४,४९२. म्हणजे साधारण एक तृतीयांश मतांवर खासदार झाला. इथं जपून. नावं आणि पक्ष आले की चर्चा जातीधर्मावर घसरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी आधी उमेदवार अ, ब, क असं लिहितो, पसंतीक्रम असता तर काय झालं असतं याचा अंदाज बांधून घेतो, नावं नंतर. आचारसंहितेच्या काळात तर चालू निवडणुकीचं उदाहरण घेऊच नका.

पसंतीक्रम परदेशातलाच वाटायला नको म्हणून विधान परिषदेचा औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघ हाताशी ठेवा. तिथं बटण नाही, मतपत्रिकेवर आकडे लिहायचे. बरोबरची खूण केली तर मत बाद. यादीत नाव दर निवडणुकीला नव्यानं नोंदवावं लागतं, हेही सांगा. पदवी घेऊन तीन वर्षं झालेला वर्गातल्या कुणाचा तरी भाऊ किंवा बहीण घरी असतेच.

सार्वमताला, म्हणजे एखाद्या प्रश्नावर थेट लोकांचं मत घेण्याला, मी जास्त वेळ देतो. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडा वंदन करून आलेली पोरं विचारतातच, "सर, आपल्याकडं घेतलं होतं का?" नाही. भारतात राहायचं का यावर जुनागढ संस्थानात १९४८ मध्ये घेतलं. हैदराबाद संस्थानात नाही, इथं पोलीस कारवाई झाली. राज्यघटनेत देशव्यापी सार्वमताची तरतूदच नाही. पण गावात त्याचा धाकटा भाऊ सापडतो: बाटली आडवी करायचं, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं मतदान. यात आडव्या बाटलीला गावातल्या एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या मत द्यायला आलेल्यांच्या नव्हे. घरी बसलेली बाई इथं दुकान चालू ठेवायच्या बाजूनं मोजली जाते! याच्या शेजारी ब्रेक्झिट ठेवा. २३ जून २०१६, युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूनं ५१.९ टक्के, मतदान ७२.२ टक्के. गुणाकार पोरांकडून करून घ्या. नोंदलेल्या मतदारांच्या जेमतेम ३७ टक्के निघतात. आपल्या बाटलीचा नियम लावला असता तर ब्रिटन आजही युरोपीय संघात असतं.

शेवटी गोव्याचा १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासितच राहायचं? विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. पण स्वतंत्र घटकराज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच; ते गोव्याला १९८७ मध्ये मिळालं. तिसरा पर्याय असता तर मोजणी कोणत्या पद्धतीनं करायला हवी होती, हे घरून लिहून आणायला सांगा. गाईडात उत्तर सापडत नाही, त्यामुळं एकमेकांचं उतरवायची सोय राहत नाही.