बाथरूममध्ये वास आणि गुडगुड? फिनेल ओतायच्या आधी व्हेंट पाइप बघा

बाथरूममधून गटाराचा वास यायला लागला की आधी फिनेल, मग ड्रेन क्लीनर, मग प्लंबर, आणि प्लंबर येऊन तार घालून जातो, चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी परत तेच. आमच्याकडे हे जवळपास सहा महिने चाललं. पाइप तुंबलेलाच नव्हता हो! पाणी नीट जात होतं, फक्त बेसिन रिकामं होताना शेवटी शेवटी जमिनीवरच्या जाळीतून कुणीतरी जेवून मोठ्ठा ढेकर द्यावा तसा आवाज यायचा. त्या ढेकरातच सगळं निदान होतं, पण लक्ष कोण देतो.

आधी हा ढेकर येतो कुठून ते समजून घ्या. पाइपमधून पाणी खाली जातं तेव्हा पुढची हवा ढकलत आणि मागची हवा ओढत जातं. पाण्याने भरलेली बाटली उलटी करा, पाणी डुबुक डुबुक करत अडखळत पडेल, आता तिच्या बुडाला एक भोक पाडा, पाणी एका दमात खाली. व्हेंट पाइप म्हणजे ते बुडाचं भोक, बाकी काही नाही. ड्रेनच्या उभ्या पाइपलाच वर छतापर्यंत नेऊन उघडा सोडलेला किंवा शेजारून वेगळा नेलेला रिकामा पाइप, ज्यातून पाणी कधी जात नाही, फक्त हवा जाते. पाणी जात नाही म्हणून लोकांना तो फालतू वाटतो आणि खर्च वाचवायचा म्हटला की पहिला तोच कापतात.

तो नसला की लाइनला हवा तर लागतेच, मग ती मिळेल तिथून ओढते, म्हणजे तुमच्या ट्रॅपमधून. बेसिनखाली, नहाणीच्या जाळीखाली, कमोडच्या आत पाइपचं जे वळण असतं तो ट्रॅप, त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, आणि गटार आणि आपलं नाक यांच्यामधला दरवाजा म्हणजे तेवढंच पाणी. त्याला वॉटर सील म्हणतात, साधारण ५० मिमी, म्हणजे दोन इंच. आता गंमत बघा, ५० मिमी पाण्याचा दाब म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम अर्धा टक्का. इतक्याशा ओढीने दरवाजा उघडतो! वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला, उभ्या पाइपमधून पाण्याचा लोंढा खाली गेला, की जाता जाता तुमच्या ट्रॅपचं पाणी खेचून नेतो.

आणि हा विषय फक्त वासाचा नाही. सडक्या अंड्याचा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्याचं प्रमाण खूप वाढलं तर नाक बधिर होतं, वास येणंच बंद होतं, त्यामुळे वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नका. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींमध्ये ३०० हून जास्त लोकांना सार्स हा श्वसनाचा संसर्गजन्य आजार झाला, त्याच्या तपासात बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप आणि त्यातून हवा आत ओढणारे एक्झॉस्ट फॅन हे एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. तेव्हा दार बंद करून एक्झॉस्ट लावायची सवय असेल तर ट्रॅप भरलेला आहे ना ते आधी बघा.

आता कामाला लागू.

स्टेप १. ट्रॅप नुसता वाळलाय का ते बघा. पाहुण्यांचं बाथरूम दोन महिने वापरलं नाही की पाणी उडून जातं, त्यात व्हेंटचा काही दोष नाही. तांब्याभर पाणी ओता, वास गेला आणि परत आलाच नाही तर विषय संपला. क्वचित वापरायचं असेल तर वरून चमचाभर तेल सोडा, पाणी हळू उडतं.

स्टेप २. काडीची टेस्ट. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कुणी करत नाही. जाळी काढा, टॉर्च मारा, एक बारीक लाकडी काडी जाळीखालच्या पाण्यात तळाला टेकेपर्यंत घाला, बाहेर काढून ओली खूण पेनने आखा. मग कमोड फ्लश करा, टाकी भरली की परत करा, शक्य असेल तर त्याच वेळी बेसिनही भरून सोडा, वरच्या मजल्यावरच्यांनाही दोनदा फ्लश करायला सांगा. परत काडी घाला. पाणी कमी झालं असेल तर लाइन ते ओढतेय, हवा कमी पडतेय. उलट पाणी उसळून वर येत असेल, बुडबुडे येत असतील, तर हवा खालून दाबली जातेय, हे बहुतेक तळमजल्यावर होतं, जिथे उभा पाइप आडवा वळतो, किंवा पुढे कुठेतरी तुंबलंय. आमची खूण दोन फ्लशमध्ये बोटभर खाली आली होती, आणि तोवर मी तीन वेळा तार घालायचे पैसे दिले होते.

स्टेप ३. तुंबलंय की हवा कमी, हे वेगळं करा. फक्त एकच बेसिन सावकाश रिकामं होतंय तर त्याचाच ट्रॅप केसांनी भरलाय, उघडून साफ करा. सगळीकडेच पाणी चढतंय तर पुढची मेन लाइन. पण पाणी जातंय, फक्त एक फ्लश केला की दुसरीकडे गुडगुड होते, तर व्हेंट.

स्टेप ४. छतावर जा. पावसात नको, एकटे नको, आणि पाइपच्या तोंडावर नाक लावून आत डोकावू नका. वर काउल आहे का, म्हणजे ती टोपीसारखी जाळी, ते बघा. तुटलेली असेल तर आत पालापाचोळा, पक्ष्याचं घरटं, मेलेला उंदीर, काहीही सापडू शकतं. हाताने निघेल तेवढं काढा, मग होज लावून हळूहळू पाणी सोडा आणि एकाला खाली उभं करा, पाणी वर चढत आलं तर लगेच बंद. आमच्या छतावर काय निघालं असेल? वॉटरप्रूफिंगच्या वेळी पाइपमध्ये सिमेंट जाऊ नये म्हणून कुणीतरी तोंडावर प्लास्टिकची गोणी बांधली होती तारेने पक्की, आणि ती सोडायची राहून गेली. दहा मिनिटांचं काम, पक्कड घेतली, तार कापली, खाली बायको ओरडली की आवाज थांबला!

स्टेप ५. व्हेंट मुळातच नसेल, किंवा बाथरूम नव्याने करताय, तर फरशी बसायच्या आधी या गोष्टी प्लंबरकडून कबूल करून घ्या, नंतर फोडाफोडी.

ट्रॅपपासून व्हेंट लांब नको. गणित सोपं आहे, ४० मिमीच्या पाइपला मीटरला २० मिमी उतार दिला तर २ मीटरवर पाइप ४० मिमी खाली उतरतो, म्हणजे स्वतःच्या पूर्ण जाडीइतका, आणि व्हेंट त्याच्याही पुढे जोडला तर त्याचं तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या खाली जातं आणि पाणी भरून वाहिलं की हवेला वाटच उरत नाही. म्हणून दीडेक मीटरच्या आत बसवा. आणि "उतार जास्त दिला की पाणी जोरात जाईल" हे जे सांगतात ना, त्याने हे अंतर उलट कमी होतं, उतार दुप्पट केला तर २ चा १ मीटर.

व्हेंटची जाडी निदान ड्रेनच्या निम्मी, आणि ३२ मिमीपेक्षा बारीक नकोच. व्हेंटला आडवं वळण घ्यायचंच असेल तर बेसिनच्या काठापेक्षा निदान १५० मिमी वर गेल्यावर घ्या, नाहीतर कधी लाइन तुंबली की घाण व्हेंटमध्ये शिरते आणि तिथेच वाळून बसते. त्या आडव्या तुकड्यालाही थोडा उतार ड्रेनकडे ठेवा, आत दव साचतं ते खाली गेलं पाहिजे. वरचं तोंड खिडकीपासून ३ मीटर लांब, तेवढी जागा नसेल तर खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा मीटरभर उंच, आणि छतावर लोक येत-जात असतील तर डोक्याच्या चांगलं वर. तुमच्या भागातला बांधकामाचा नियम याहून कडक असेल तर तोच धरा.

स्टेप ६. पाइप वर न्यायला जागाच नसेल तर एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह मिळतो, बेसिनखाली बसतो, लाइनला हवा हवी झाली की उघडतो आणि एरवी स्वतःच्या वजनाने बंद, म्हणजे हवा आत जाते पण गॅस बाहेर येत नाही. चांगली वस्तू आहे पण तो फक्त ओढ सोडवतो, खालून येणारा दाब नाही, त्यामुळे बिल्डिंगला निदान एक तरी व्हेंट छतावर उघडा लागतोच. उभा बसवा, आणि भिंतीत गाडून टाकू नका, आतलं रबर कधीतरी चिकटतं आणि बदलावं लागतं.

काम झालं की पैसे द्यायच्या आधी काडीची टेस्ट प्लंबरसमोर परत करा. आमची काडी अजून बाथरूमच्या शेल्फवर आहे, वॉटरप्रूफिंगवाले येऊन गेले की मी पहिली तीच काढतो.