टॅरांटुला आणि ध्रुवीय अस्वल यांची तुलना कशी करावी

अशा दोन प्राण्यांची तुलना लिहायला घेतली की हात आधी वजनाच्या आकड्यांकडे जातो. ध्रुवीय अस्वलाचा प्रौढ नर साधारण 300 ते 700 किलो भरतो आणि टॅरांटुला हा केसाळ कोळी काही ग्रॅमचा असतो, एवढे लिहिले की विषय तिथेच संपतो. म्हणून जो दोघांनाही विचारता येईल आणि ज्याचे उत्तर एकाच मापाने मोजता येईल, असा प्रश्न निवडावा.

त्याआधी नावे नक्की करावीत. ध्रुवीय अस्वल ही एकच प्रजाती आहे. टॅरांटुला मात्र हजाराहून अधिक प्रजातींचे कुल, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींचा मोठा गट, आहे. मी पोइसिलोथेरिया मेटॅलिका हा निळा कोळी निवडतो. आंध्र प्रदेशातील गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून प्राणीशास्त्रज्ञ पोकॉक यांनी 1899 मध्ये त्याचे वर्णन केले.

पहिला प्रश्न रंगाचा घ्यावा, कारण तिथे खरोखर नवल आहे. अस्वलाचा एक केस उजेडात धरला तर तो पांढरा नव्हे, पारदर्शक आणि आतून पोकळ दिसतो. त्याखालची कातडी काळी असते आणि पांढरेपणा येतो तो प्रकाश विखुरल्यामुळे. कोळ्याच्या निळाईतही निळे रंगद्रव्य नसते; त्याच्या केसांमधील अतिसूक्ष्म रचना निळा प्रकाश परावर्तित करते. मात्र या साम्यावरून नाते जोडू नये. अस्वलाचा केस आपल्या नखांसारखा केराटिन या प्रथिनाचा असून त्वचेतून उगवतो, तर कोळ्याचा केस कायटिन या कठीण पदार्थाने बनलेल्या बाह्यकंकालाचा, म्हणजे शरीराच्या बाहेरच्या कवचाचा, भाग असतो आणि कात टाकताना तिच्याबरोबर निघून जातो. साम्य लिहिताना हा फरक त्याच परिच्छेदात नोंदवावा, नाहीतर वाचकाची दिशाभूल होते.

आयुर्मान लिहायचे असल्यास नर-मादी वेगळे धरावेत, कारण टॅरांटुलाचा नर प्रौढ झाल्यावर फार जगत नाही, मादी मात्र अनेक वर्षे जगते.

दुसरा मोठा प्रश्न प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्याचा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेच्या, संकटातील प्रजातींच्या लाल यादीचे निकष दोघांना सारखेच लागू होतात, त्यामुळे ही तुलना मला सर्वांत न्याय्य वाटते. अस्वल 'असुरक्षित' गटात आहे, कारण ज्या समुद्री बर्फावरून ते सील पकडते तो बर्फ आटत चालला आहे. झाडांच्या ढोलीत राहणारा हा कोळी त्याहून गंभीर अशा 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे, कारण त्याचा ज्ञात अधिवास 100 चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे आणि तिथली झाडे तोडली जात आहेत. श्रेणीबरोबर तिचे कारणही लिहावे, कारण एकाच्या बाबतीत पुढे अपेक्षित असलेली घट मोजली आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत आजच्या अधिवासाचा आकार.

शेवटी संरक्षणाच्या तारखा शेजारी मांडाव्यात. अस्वलासाठी पाच देशांनी 1973 मध्ये स्वतंत्र करार केला आणि वन्यजीव-व्यापाराच्या सायटीस करारातील दुसऱ्या परिशिष्टात ते 1975 मध्ये आले. पाळण्यासाठी ज्याला जगभर मागणी आहे, त्या या कोळ्याची संपूर्ण प्रजाती-गटासह त्याच परिशिष्टात नोंद व्हायला 2019 उजाडले.