सुट्टीतले पाळणाघर: लहानमोठ्या मुलांना एकत्र रमवणारे कमी खर्चाचे उपक्रम

शाळा सुरू असते तेव्हा पाळणाघराचा दिवस आपोआप विभागला जातो. सकाळी केवळ लहानगी असतात, शाळा सुटल्यावर मोठी येतात आणि तास-दोन तासांत पालकही दारात उभे राहतात. सुट्टी लागली की ही सोय संपते आणि दीड वर्षाचे नुकते चालू लागलेले मूल, चार वर्षांचे अखंड प्रश्न विचारणारे मूल आणि ‘मी काही आता लहान नाही’ असे बजावणारे दहा वर्षांचे मूल दिवसभर एकाच छपराखाली येतात. अशा वेळी वयानुसार तीन वेगवेगळे उपक्रम आखण्याचा मोह होतो, परंतु एकट्या माणसाला ते झेपत नाही आणि साहित्याचा खर्चही वाढतो. त्यापेक्षा साहित्य एकच घ्यावे आणि त्यात प्रत्येक वयाला आपापले काम सापडेल अशी मांडणी करावी.

साहित्य निवडताना एकच कसोटी लावावी: या वस्तूचे नेमके काय करायचे हे आधीच ठरलेले आहे का? रंग भरण्याच्या पुस्तकात रंगच भरता येतात आणि तेही ठराविक वयाच्या मुलालाच. खोके, दोरी, चादर, पाणी, खडू यांचे तसे नसते. ब्रिटिश शिल्पकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये सुट्या वस्तूंविषयी जो विचार मांडला तो हाच होता. ज्या जागी हलवता, जोडता आणि मोडता येतील अशा वस्तू अधिक असतात, तेथे मुलांच्या कल्पकतेला अधिक वाव मिळतो. सुदैवाने अशा वस्तू बहुधा फुकट मिळतात.

खोक्यांचे गाव

सुट्टी लागण्यापूर्वी साधारण दोन आठवडे पालकांना सांगून ठेवले, तर पुठ्ठ्याची खोकी पुरेशी जमतात. औषधांची आणि साबण-पावडरची खोकी घेऊ नयेत. बाकीच्यांतील पिना आणि चिकटपट्ट्या मुले येण्याआधीच काढून टाकाव्यात. मग जमिनीवर चिकटपट्टीने रस्ते आखून आठवडाभर चालणारे एक गाव उभे करता येते. मोठी मुले आधी कागदावर नकाशा काढतात, पूल कोठे असावा यावर वाद घालतात आणि कात्री चालवतात. चार-पाच वर्षांची मुले दारे-खिडक्या रंगवतात आणि त्या घरांत कोण राहते ते ठरवतात. सर्वांत धाकट्याला गावाशी काहीच देणेघेणे नसते. त्याला खोक्यात शिरायचे असते आणि बाहेर यायचे असते. म्हणून त्याच्यासाठी एक मोठे, रिकामे खोके बाजूला राखून ठेवावे, नाही तर दुपारपर्यंत पूल कोसळतो आणि मोठ्यांचा संतापही रास्त असतो. कापण्याचे काम फक्त उंच टेबलावर व्हावे, आणि टेबलावरून उठताना कात्र्या मोजूनच डब्यात परत जाव्यात.

येथे एक अपेक्षा सोडून द्यावी लागते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदवले, त्यांत एकमेकांच्या शेजारी बसून पण स्वतंत्रपणे खेळणे हा एक प्रकार आहे, आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलांत तो विशेष दिसतो. या वयाच्या मुलाला ‘दादाबरोबर मिळून खेळ’ असे सांगून उपयोग नसतो. त्याला दादासारखीच दुसरी वस्तू द्यावी, म्हणजे तो शेजारी बसून समाधानाने आपले काम करतो.

सावलीचा दिवस

खडूच्या एका तुकड्यावर संपूर्ण दिवस निभावणारा उपक्रम हवा असेल, तर तो सावल्यांचा. सकाळी अंगणात किंवा गच्चीवर प्रत्येक मुलाच्या पावलांभोवती रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या वेळी त्याला नेमके त्याच जागी उभे राहता येते. मग एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने त्याची सावली आखावी. काही तासांनी पुन्हा आखावी आणि दुपार कलल्यावर तिसऱ्यांदा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे अर्ध्या तासातच सावली खडूच्या रेघेबाहेर सरकलेली दिसते. ‘मी तर हललोच नाही’ ही तक्रार हमखास ऐकू येते. मोठ्यांनी दर वेळी सावलीची लांबी मोजून वहीत लिहावी आणि पुढची सावली कोठे पडेल याचा अंदाज आधीच खडूने खुणावून ठेवावा. सूर्य जितका वर, तितकी सावली आखूड, हे मग त्यांना सांगावे लागत नाही. मधल्या वयाची मुले आकृत्यांना डोळे, टोप्या आणि शेपट्या काढतात. धाकटे मूल स्वतःच्या सावलीवर पाय ठेवण्याचा प्रयत्न करत राहते, आणि तेवढे त्याला पुरते. ऊन कडक असेल तर भर दुपारी मुलांना उभे करू नये. त्याऐवजी मातीच्या कुंडीत काठी रोवून तिची सावली आखावी. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मात्र आधीच बजावावे.

पाणी आणि माती

उथळ टब, चाळणी, नरसाळे आणि वेगवेगळ्या मापांचे पेले एवढ्यावर लहानांचा तासभर सहज जातो. मोठ्यांना मातीचा गोळा द्यावा. तो पाण्यात टाकताच बुडतो. त्याच मातीची पातळ, खोलगट होडी केली की तरंगते, कारण पसरट होडी अधिक पाणी बाजूला सारते. कोणाची होडी किती खडे पेलते, अशी शर्यत लावली की पुढे काही सुचवावे लागत नाही. खडे मात्र लहानांच्या हाताबाहेर ठेवावेत. जेमतेम ५ सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते आणि बुडताना ते बहुधा आवाज करत नाही. फोन वाजला किंवा दाराची घंटा झाली तरी टबापासून हलू नये. हलावेच लागले तर मुलांना बरोबर घ्यावे. खेळ संपताच टब रिकामा करावा.

घरी केलेला खेळण्याचा गोळाही स्वस्त पडतो: दोन पेले मैदा, एक पेला मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि मळता मळता लागेल तसे, साधारण पेलाभर पाणी. हवाबंद डब्यात तो काही दिवस टिकतो. जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याला तो देऊ नये, कारण एवढे मीठ पोटात जाणे घातक असते आणि कच्चे पीठही खाण्याजोगे नसते. त्याच्या हाती पिळायला ओला स्पंज द्यावा.

झोपेची वेळ मोठ्यांची

लहानगी दुपारी झोपतात तो तास-दीड तास सुट्टीतला सर्वांत मौल्यवान वेळ असतो, आणि तो आवराआवरीत घालवणे मला पटत नाही. मणी ओवणे, सुईदोरा, बारीक तुकड्यांची कोडी, सोंगट्यांचे खेळ अशा ज्या गोष्टी एरवी काढता येत नाहीत, त्या याच वेळी काढाव्यात. सकाळभर मोठी मुले धाकट्यांना सांभाळून घेत असतात, म्हणून हा वेळ त्यांच्या हक्काचा आहे. मोठी मुले म्हणजे विनावेतन मदतनीस नव्हेत. त्यांच्याकडून एखादे काम आनंदाने करून घ्यावे, पण दिवसभर ‘जरा याच्याकडे बघ’ असे चालू ठेवू नये.

वेळ संपली की बारीक वस्तू झाकणाच्या डब्यात आणि डबा उंच फळीवर जायला हवा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची तपासणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने करतात; त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी मानली जाते. घरी टॉयलेट रोलची रिकामी नळी वापरावी. ती याहून थोडी रुंद असल्याने तपासणी अधिकच कडक होते. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, बारीक लोहचुंबके आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे झोपेच्या वेळीही घरात मोकळे असू नयेत.

बाहेर जाताना

वाचनालय आणि बाग ही ठिकाणे बहुतेक वेळा खर्चाविना मिळतात. अंतर मात्र सर्वांत लहान मूल किती चालू शकते त्यावरून ठरवावे. पालकांची लेखी संमती आधी घ्यावी, एका व्यक्तीमागे किती मुले नेता येतात याचा आपल्याकडे लागू असलेला नियम पाहावा आणि निघताना, पोहोचल्यावर व परतताना मुले मोजावीत. मोठ्यांकडे शोधायच्या वस्तूंची यादी द्यावी. लहानांना ‘लाल काहीतरी’ एवढे पुरते.

संध्याकाळी पालक एकेक करून येऊ लागतात तेव्हा गटाचा खेळ लावू नये, कारण दर दहा मिनिटांनी एक गडी कमी होतो आणि मागे राहिलेली मुले हिरमुसतात. त्या वेळेसाठी भिंतीवर खाली, धाकट्याच्याही हाताला येईल अशा उंचीवर लांबलचक कागद चिकटवून ठेवावा आणि सगळ्यांनी मिळून एकच चित्र काढावे. कोणी मध्येच उठून गेले तरी चित्र अडत नाही; आपले काम अर्धवट राहिले असेल तर ते मूल जाताना त्यावर नाव लिहून जाते आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू करते.