गावचं जुनं घर पाडायचं नसेल तर काय काय करायचं

गावाला आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं कौलारू घर असेल आणि घरात "पाडून स्लॅब टाकूया" असं सुरू झालं असेल तर जरा थांबा, चांगला जांभा (चिरे ज्याचे काढतात तो तांबडा दगड) आणि फणसाचे, ऐनाचे वासे असलेलं घर सहज अजून दोन पिढ्या जातं, फक्त छप्पर धड पाहिजे.

आधी कागद. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा (घराच्या कर आकारणीची नोंद) काढा, घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि घर सामायिक असेल तर भाऊबंदांशी आधीच बोलून घ्या, नाहीतर गवंडी आल्यावर भांडणं होतात.

मग छप्पर, खरं काम तिथेच आहे. शिमगा झाला की सुतार बघायला लागा, मे महिन्यात कोणी मिळत नाही आणि मृगाच्या आत शाकारणी (कौलं उतरवून, फुटकी बदलून परत बसवणं) झालीच पाहिजे. कौलं उतरवली की प्रत्येक वासा हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतून पोकळ आहे. वासा भिंतीत जिथे घुसतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा कारण वाळवी तिथूनच चढते, भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली की समजा. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर जायचा म्हणून लाकडाला कीड कमी लागायची, आता गॅस आलाय तर रिपांना (कौलं ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्या) आणि वाशांना औषध मारावंच लागतं. मंगलोरी कौलं घेताना जुनं एक कौल सोबत न्या, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि तिथूनच गळतं. गावात कोणाचं घर पाडत असतील तर त्यांची कौलं मागून ठेवा, उपयोगी पडतात.

भिंतीला सिमेंटचं प्लास्टर प्लीज नको. जांभा पाणी पितो आणि परत सोडतो, वर सिमेंट बसलं की ओल आतच अडकते आणि पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा करा, जाणता गवंडी शोधायला वेळ लागतो पण शोधा. सांध्यात पिंपळ उगवला असेल तर नुसता तोडू नका, मुळासकट काढा.

पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जाईल असं गटार काढा, पावसाळ्यात पडवीला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा. निदान पडवीत तरी चकचकीत टाइल्स घालू नका, पावसात जमीन ओली होते आणि म्हातारी माणसं घसरतात, सारवलेली जमीन किंवा कोबा उत्तम.

हे सगळं वाचून डोळ्यांसमोर येत नसेल तर रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान बघून या, १८५६ साली त्यांचा जन्म झाला ते घर आजही राखलंय, आणि गणपतीपुळ्याला गेलात तर तिथून जवळच मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. मूर्ती, फोटो बघून झाले की मान वर करून वासे बघा, भिंतीची जाडी बघा, सोबत सुतार असेल तर फारच छान.

घर वर्षभर बंद राहणार असेल तर किल्ली शेजारी द्या, पंधरा दिवसांनी दारं-खिडक्या उघडून वारा खेळवायला सांगा आणि मोठा पाऊस झाला की माळ्यावर एकदा चढून बघायला सांगा, त्याचे पैसे द्यायला लाजू नका.