जावास्क्रिप्टमध्ये तारीख वाचताना या चुका टाळा

पावतीवर १५/४१/२०२५ अशी तारीख छापून आली तेव्हा मी आधी प्रिंटरवर संशय घेतला. चूक माझीच होती. तारखेतला महिना देणारं गेटमन्थ महिने शून्यापासून मोजतं, मे म्हणजे ४, म्हणून मी पुढे १ मिळवला होता. पण त्याच्या आधीच्या तिरक्या रेघेमुळे सगळी ओळ मजकूर झालेली. बेरीज न होता ४ ला १ चिकटला. गेटमन्थ आणि त्यात मिळवायचा १ कंसात घाला, मग ५ येतात.

नावंही फसवी आहेत. गेटडे वार देतं (रविवार ०, शनिवार ६). महिन्यातली तारीख हवी तर गेटडेट. गेटइयर २०२५ ला १२५ म्हणतं, त्याच्या वाटेला जाऊच नका, गेटफुलइयर घ्या. गेटमिनिट्स पाच मिनिटांना नुसतं ५ देतं, त्यामुळे ९:०५ चं ९:५ होतं. पॅडस्टार्टने शून्य लावा.

खरी डोकेदुखी टाइमझोनची. हे सगळे गेट कोड जिथे चालतो त्या मशीनच्या टाइमझोनप्रमाणे उत्तर देतात. तारखेचा मजकूर बनवणारं टूआयएसओस्ट्रिंग मात्र यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बोलतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. कॅलेंडरमधून १ मे निवडला की बहुतेक डेटपिकर १ मेच्या रात्रीचे बारा धरतात. टूआयएसओस्ट्रिंग त्याचं ३० एप्रिल, १८:३० करतं. त्यातली पहिली दहा अक्षरं कापून डेटाबेसमध्ये ढकलली की महाराष्ट्र दिन एक दिवस आधी. 'आजची तारीख' अशी काढली तर पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच मिळते. ऑफिसच्या वेळेत टेस्टिंग करणाऱ्याला हे कसं सापडणार?

याची उलटी बाजूही आहे. '२०२५-०५-०१' एवढंच तारीख तयार करणाऱ्या न्यू डेटला दिलं तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख बरोबर. न्यू जर्सीतल्या मावशीच्या ब्राउझरवर मात्र ३० एप्रिल, रात्रीचे आठ. गंमत म्हणजे त्याच मजकुराला 'टी००:००:००' जोडलं की तो स्थानिक वेळ मानला जातो. जन्मतारखेसारख्या गोष्टीला तास-मिनिटं नसतातच. ती मजकूर म्हणूनच साठवा, आणि दाखवताना रेघांवर तोडून तीन भाग वेगळे करा.

स्क्रीनवर जानेवारी १९७० दिसला तर सर्व्हरकडून आलेला आकडा किती अंकी आहे ते मोजा. दहा अंकी असेल तर ते सेकंद आहेत, डेटला १९७० च्या सुरुवातीपासूनचे मिलिसेकंद लागतात. १००० ने गुणा.