उपकेंद्रात सीएचओ रुजू होण्याआधी जुन्या माणसांशी काय बोलावं

मी आरोग्य सहायिका आहे. त्याआधी १९ वर्षं साताऱ्याच्या डोंगरी भागात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. ज्यांच्या हाताखालच्या उपकेंद्रावर पहिल्यांदाच समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, येणार आहेत अशा नवीन वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि माझ्यासारख्या पर्यवेक्षिकांसाठी हे लिहिते आहे.

२०१८पासून उपकेंद्राचं काम पार बदललं. आधी गरोदर माता, बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबकल्याण एवढ्याभोवती आमचा दिवस फिरायचा. आता बीपी, शुगर, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, म्हातारपणाची दुखणी, मानसिक आजार अशा १२ प्रकारच्या सेवा तिथे द्यायच्या आहेत. पाटीवर आरोग्यवर्धिनी केंद्र आलं, २०२३मध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. जिनं २० वर्षं ते उपकेंद्र एकटीनं सांभाळलं, तिला मात्र वेळ लागतो, आणि तो द्यायला हवा.

पहिलं काम म्हणजे सीएचओ रुजू होण्याच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात जाऊन सिस्टरसमोर, म्हणजे तिथल्या आरोग्यसेविकेसमोर, बसा. मासिक सभेत हा विषय काढून भागत नाही. सभेत सगळे मान डोलावतात आणि बाहेर चहाच्या वेळी खरं बोलतात. वही घेऊन जा आणि दोनच गोष्टी विचारा: यानं तुमचं कोणतं काम वाढेल, आणि कुठे अडेल? उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवा. माझ्या वहीतली ही काही:

"रात्री २ वाजता बाळंतपणाला मीच उठायचं, आणि सकाळी माझ्या खुर्चीत दुसरंच कोणी?"

"पोर्टलवर नोंद कोणाच्या नावानं पडणार?"

"गोळीची रिअ‍ॅक्शन आली तर कोणाला जाब विचारणार?"

साहेब लोक अशा बोलण्याला कर्मचाऱ्यांची नकारात्मक मानसिकता म्हणतात. मला ते पटत नाही. यातला प्रत्येक प्रश्न कामाचा आहे, आणि तो आज सुटला नाही तर महिन्याभरात भांडण होऊन समोर येतो. विरोध करणाऱ्या माणसाला काम कुठे अडतं ते ठाऊक असतं, म्हणून त्याचं आधी ऐकायचं.

माझाही असा विरोध होता. २०११मध्ये आशांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं ठरलं. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट. वजनकाटा आणि थर्मामीटर आशाच्या हातात द्यायचं म्हटल्यावर मी रागावले होते. आमचं दीड वर्षाचं प्रशिक्षण, आणि ही काही दिवसांत शिकून बाळ बघणार? पुढे गडचिरोलीच्या कामाबद्दल वाचलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तरीही माझं मन वळलं ते वाचून नव्हे. आमच्या वाडीतल्या आशानं सातव्या दिवशी एक थंड पडलेलं बाळ ओळखलं, छातीशी धरून ऊब देत देत खाली आणलं, तेव्हा वळलं. म्हणून सिस्टरला आकडे ऐकवत बसू नका. पहिल्या महिन्यात तिच्या डोळ्यांसमोर एक तरी रुग्ण बरा होईल असं बघा.

दुसरं काम कागदाचं. औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, साठा रजिस्टरवर सही कोणाची, लसीकरण सत्राला कोण, रात्रीच्या डिलिव्हरीला दुसरा हात कोणाचा, बीपी-शुगरची नोंद कोण करणार, हे सगळं एका पानावर लिहा. तिघांच्या सह्या घ्या, तिसरी सही वैद्यकीय अधिकाऱ्यांची. गोळीचं काही झालं तर जबाबदारी कोणाची, हेही त्याच पानावर येऊ द्या. आणि खुर्च्या दोन हव्यात, एकसारख्या. उपकेंद्राला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या अबंधित निधीतून घ्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण एका खुर्चीवरून दोन चांगल्या बायका चार महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत, हे मी पाहिलं आहे.

आता रुग्णाच्या औषधांच्या कार्डाबद्दल सविस्तर सांगते, कारण इथे आमच्याकडून चूक झाली. माझ्या देखरेखीखालच्या एका उपकेंद्रावर सिस्टर आणि सीएचओ, दोघींनी आपापली यादी ठेवली होती. एका आजींना सिस्टरकडून बीपीची अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी चालू होती. सीएचओंनी शिबिरात बीपी घेतलं, जास्त आलं, नवीन कार्ड काढलं आणि तीच गोळी दिली. आजींनी दोन्ही पुड्या इमानानं संपवल्या. पाच आठवड्यांनी मी गेले तेव्हा त्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. पाय सुजले होते, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडत होता. "दोघींनी दिल्या, मग दोन घ्यायच्या नाहीत होय?" असं त्यांनी विचारलं. चूक आजींची नव्हती, आणि एकट्या सिस्टरची किंवा एकट्या सीएचओंचीही नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा: एका माणसाचं एकच कार्ड, ते गोळ्यांच्या डब्यातच ठेवायचं, आणि जिच्या हाताला ते लागेल तिनं आधी मागची ओळ वाचायची. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम राज्यात सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत आला. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम आणि घराजवळ महिनाभराच्या गोळ्या ही पद्धत चांगलीच आहे. पण ती चालते एका कार्डावर.

त्याच उपकेंद्रावर पुढे दोघींना शेजारी बसवून बीपी घ्यायला लावलं. एका बाईचं सीएचओंना १६८ आलं. सिस्टर म्हणाल्या, "ही आत्ता खालच्या वस्तीवरून चढ चढून आलीय, पाच मिनिटं बसू द्या." नंतर १४६ आलं. औषधाचा क्रम सीएचओंना नेमका माहीत होता, बाई कुठून आली ते सिस्टरना माहीत होतं. हा सराव पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

डॉक्टरांची नाराजी वेगळी असते, आणि ती उघडपणे कोणी बोलत नाही. ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला देण्याच्या सरकारी सेवेवर, सीएचओंचा कॉल येतो तो भर ओपीडीत. बाहेर ६० रुग्ण, समोर अडकणारं चित्र, आणि न तपासलेल्या माणसाला औषध लिहायचं. त्यांची भीती खरी आहे. उपाय म्हणून वेळ बांधून घ्या. आम्ही दुपारी ३ ते ४ ठेवली. सीएचओंनी त्याआधी बीपी, शुगर, वजन आणि चालू गोळ्या लिहून तयार ठेवायच्या. पावसाळ्यात रेंज जाते, तेव्हा साधा फोन करायचा. तातडीचा रुग्ण असेल तर कॉलच्या नादी न लागता सरळ १०८ बोलवायची.

आशाताईंना ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी, शुगर, कॅन्सरसारख्या आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली, भरायचा असतो. एकदम गावभर फॉर्म वाटू नका. आठवड्याला दहा घरं पुरेत. दारू-तंबाखूचे प्रश्न घरच्यांसमोर विचारायचे नाहीत, हे शिकवा. मोबदल्याचं बिल वेळेत पुढे पाठवा. ते अडकलं तर तुमच्या गोड बोलण्याचा उपयोग नाही.

सहा आठवड्यांनी पहिल्या दिवशीची वही घेऊन परत जा आणि सिस्टरनी सांगितलेले प्रश्न त्यांनाच वाचून दाखवा. सुटले त्यांच्यावर त्यांच्याच हातानं खूण करून घ्या. उरलेले तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी न्या. आमच्या वहीत खुर्चीचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. खुर्च्या दोन आल्या तरी गावातले लोक सीएचओंना "डॉक्टर" आणि सिस्टरना "बाई" म्हणायचे. त्यावर कुठला कागद चालत नव्हता. एकदा एक गरोदर बाई सीएचओंसमोर बसली, तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "थांबा, मी आमच्या सिस्टरना विचारून सांगते." सिस्टर उठून आल्या आणि त्यांनी बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाची दिशा सांगितली. संध्याकाळी मी वही पुढे केली, तर त्यांनी न बोलता त्या ओळीवर खूण केली.