परम्युटेशन काढा, पण साठवू नका

हर्णे, जयगड, देवगड, मालवण अशा चार बंदरांवरून मासळी उचलायची तर गाडीच्या फेरीचे 24 क्रम, म्हणजे परम्युटेशन, होतात. बंदरं आठ केली की 40,320 आणि दहा केली की 36,28,800. हे सगळे लिस्टमध्ये भरून मग परत करणारं फंक्शन मेमरी खातं. एक क्रम द्यावा, तो वापरून झाला की पुढचा काढावा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी 'यील्ड' आहेच: ते एक उत्तर देऊन फंक्शन तिथेच थांबवतं आणि मागितल्यावर पुढे चालवतं.

पुढचा क्रम काढायची रीत चौदाव्या शतकातल्या नारायण पंडितांपर्यंत मागे जाते. बंदरांना वरच्याच ओळीने 1 ते 4 आकडे द्या. समजा हातात 1 4 3 2 आहे. उजवीकडून डावीकडे येत, आपल्या उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान असा पहिला आकडा शोधा: 1. पुन्हा उजव्या टोकापासून त्याच्याहून मोठा पहिला आकडा घ्या: 2. दोघांची अदलाबदल केली की 2 4 3 1. आता 2 च्या पुढची शेपटी उलटवा: 2 1 3 4, म्हणजे जयगड, हर्णे, देवगड, मालवण. शेपटी सॉर्ट करत बसू नका, ती आधीपासून उतरतीच असते. पहिल्या पायरीत आकडा सापडलाच नाही, तर क्रम संपले.

सुरुवात चढत्या क्रमानेच करा, नाहीतर आधीचे क्रम गुपचूप गळतात. एका क्रमामागे सरासरी अदलाबदली दीडच्या आसपास पडतात.

सगळे क्रम गोळा केले आणि छापल्यावर सारखेच दिसले, तर तीच लिस्ट पुन्हा पुन्हा दिली गेली आहे. साठवायचं असेल तरच कॉपी काढा. नुसतं अंतर मोजायचं असेल तर कॉपी फुकटचा खर्च.

सारख्या वस्तू असल्या की खरी गंमत. दोन क्रेट सुरमई, तीन क्रेट बांगडा यांचे वेगळे क्रम फक्त 10, पण पायथनचं तयार 'परम्युटेशन्स' 120 देतं, कारण ते किंमत नव्हे, जागा बघतं. वरच्या रीतीत मात्र 10च येतात. अट एकच: दोन्ही तुलना काटेकोर हव्यात. 'लहान किंवा समान' लिहिलंत तर लूप थांबेलच असं नाही.

'देवगडच्या आधी जयगड' अशी अट असेल तर सगळे क्रम काढून गाळू नका. एकेक बंदर मांडत जाणारं रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन लिहा आणि जयगड बाकी असताना देवगड आलं की ती फांदी तिथेच सोडा.